हात दिसता कामा नये

जाई १९ महिन्यांची आहे. स्टूल ही बसायची वस्तू असते, हे तिला अजून मान्य नाही. तिच्या मते स्टूल चढायचं असतं, त्यावरून उडी मारायची असते, नाहीतर ढकलून त्याचा आवाज ऐकायचा असतो. गेल्या महिन्यात तिचा पासपोर्टचा फोटो काढायला राजारामपुरीतल्या एका स्टुडिओत गेलो, तेव्हा हा मतभेद पहिल्यांदा जाहीर झाला.

मोठ्यांचं सोपं असतं. पासपोर्ट केंद्रात गेलं की तिथेच खुर्चीवर बसवून फोटो काढतात. वाईट आला तर दहा वर्षं सोसायचा, एवढंच. पण चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो आपणच काढून न्यावा लागतो. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर, मागे पांढरं. त्यापुढच्या अटी मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे सवयीने मोजल्या. चेहरा सरळ कॅमेऱ्याकडे. दोन्ही डोळे उघडे. तोंड मिटलेलं. हसू नाही आणि रडूही नाही. चेहऱ्यावर केस नाहीत. सावली नाही. आणि फ्रेममध्ये दुसरं कोणी नाही. एकूण सात अटी, सगळ्या 'अँड'ने जोडलेल्या. प्रत्येक अट निम्म्या वेळा पाळली जाते असं धरलं, तरी सातही एकाच क्षणी जुळण्याची शक्यता १२८ मध्ये १. आणि निम्म्या वेळा हा अंदाज जाईला न ओळखणाऱ्या माणसाचा आहे.

आम्ही ४३ फोटो काढले. मी किल्ल्या वाजवल्या. अनुजाने, म्हणजे माझ्या बायकोने, मांजराचा आवाज काढला. राजगिऱ्याचा लाडू दाखवला, तर तोंड उघडलं. मोबाईल दाखवला, तर मान खाली गेली. स्टुडिओवाले काका शांत होते. "दादा, मोबाईल दाखवू नगासा. ती खाली बघतीया. जरा मागनं धरा तिला, पण हात दिसता कामा नये."

मग मी मागून धरलं. दोन्ही हातांनी डोकं धरून कॅमेऱ्याकडे फिरवलं आणि जरा जोरातच म्हणालो, "इकडे बघ." ती बघायला लागली. त्या फोटोत, म्हणजे ३८ व्या, सातपैकी सहा अटी पूर्ण झाल्या आहेत. माझे अंगठे तेवढे दिसतात. पण तो फोटो मी आजही नीट बघू शकत नाही. ती कॅमेऱ्याकडे बघतेय खरी, पण मागे कोण आहे हे न कळलेल्या माणसासारखी.

काका म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे. झोप झाल्यावर आणा."

---

पासपोर्टवर चेहरा ही तशी अलीकडची गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला कार्ल हान्स लोडी नावाचा जर्मन हेर एका अमेरिकन माणसाच्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये फिरत होता. तो पकडला गेला आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये टॉवर ऑफ लंडनमध्ये त्याला गोळ्या घातल्या. त्याच सुमाराला अमेरिका आणि ब्रिटनने पासपोर्टवर फोटो सक्तीचा केला. सुरुवातीला नियम फार ढिले होते. लोक घरातला असेल तो फोटो द्यायचे, कुटुंबाचा एकत्र फोटोही चालायचा. मुलांना तर वेगळा पासपोर्टच नसायचा. आईच्या किंवा वडिलांच्या पासपोर्टात त्यांची नावं लिहिलेली असत. ब्रिटनने मुलांना स्वतंत्र पासपोर्ट सक्तीचा केला तो १९९८ मध्ये. त्यामागे चांगलं कारण होतं. दुसऱ्याच्या पासपोर्टात नाव असलेलं मूल पळवून नेणं सोपं जातं.

पुढे २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, आयकाओने, ओळख पटवण्यासाठी सगळ्या देशांत चालणारी मुख्य खूण म्हणून चेहरा ठरवला. चेहरा माणसाऐवजी मशीन वाचणार म्हटल्यावर हसू गेलं. हसलं की गाल वर जातात, डोळे बारीक होतात, अंतरं बदलतात. म्हणून तोंड मिटलेलं हवं.

म्हणजे जवळपास ९० वर्षांत हा फोटो कुटुंबाच्या फोटोपासून निघून एकट्या, न हसणाऱ्या, पांढऱ्या पोकळीतल्या चेहऱ्यापर्यंत आला. कागदपत्र म्हणून हे बरोबर आहे. प्रत्येक माणूस वेगळा, प्रत्येकाचं नाव वेगळं, कोणी कोणाच्या पासपोर्टातली ओळ नाही. मुलगी असलेल्या बापाला तर हे फारच पटायला हवं.

पण १९ महिन्यांचं मूल एकटं नसतं, हा त्यातला बग आहे. ब्रिटनच्या पासपोर्टवाल्यांनी तो मान्य केला आहे. सहा वर्षांखालच्या मुलाने कॅमेऱ्याकडे बघितलं नाही किंवा चेहरा कोरा ठेवला नाही तरी तिथे चालतं. वर्षाच्या आतल्या बाळाने डोळे मिटलेले असले तरी चालतं. डोक्याला हाताचा आधार दिला तरीही चालतं. फक्त तो हात दिसता कामा नये. राजारामपुरीतल्या काकांचं वाक्य लंडनच्या नियमावलीतही आहे.

---

त्या रात्री जाई झोपल्यावर मी लॅपटॉप उघडला. १७ व्या फोटोत डोळे एकदम बरोबर होते, तोंड उघडं होतं. ३१ व्या फोटोत तोंड मिटलेलं होतं, डोळे पंख्याकडे. मी ३१ चं तोंड १७ वर आणलं, कडा पुसल्या, रंग जुळवला. वीस मिनिटं लागली. सातही अटी पूर्ण. मी खूश होऊन अनुजाला दाखवलं.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ही कधी अशी होती?"

"डोळे तिचेच आहेत, तोंड तिचंच आहे. त्याच दिवशीचं, मध्ये चार मिनिटांचा फरक."

"ते ठीक आहे. पण ही अशी कधी होती?"

मी वाद घातला. हात चादरीखाली लपवला तर चालतो, मग तोंड जोडलं तर काय बिघडलं? दोन्हीत आपण काहीतरी लपवतोच. शेवटी कागदावर ठिपकेच येणार. ठिपक्यांना काय माहीत, आपण शटरच्या आधी लपवलं की नंतर?

वाद घालताना मला एक गोष्ट आठवत होती आणि ती माझ्या बाजूची नव्हती. २०१४ मध्ये इटलीतल्या तीन संशोधकांनी दाखवून दिलं होतं की दोन माणसांचे चेहरे एकमेकांत मिसळून एक फोटो केला, तर पासपोर्टच्या मशीनला तो दोघांचाही वाटू शकतो. २०१८ मध्ये जर्मनीतल्या एका कलाकार-कार्यकर्त्यांच्या गटाने हे खरोखर करून दाखवलं. आपल्यातल्या एकीचा चेहरा युरोपियन युनियनच्या तेव्हाच्या परराष्ट्र धोरण प्रमुख फेदेरिका मोगेरिनी यांच्या चेहऱ्यात मिसळला आणि त्यावर खराखुरा पासपोर्ट मिळवला. जर्मनीने १ मे २०२५ पासून ओळखपत्रांसाठी घरून आणलेले कागदी फोटो घेणं बंद केलं, त्यामागे हीच भीती आहे. आणि आम्ही हा पासपोर्ट काढत होतो तो जर्मनीसाठीच. अनुजाला तिकडे नोकरी लागली आहे.

पण अनुजाला ही माहिती लागलीच नाही. तिचं म्हणणं साधं होतं. अर्जाबरोबर आई-वडिलांनी एक प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं, 'अनेक्श्चर डी'. मुलीला सही येत नाही, म्हणून आपण दोघं सही करतो. "तिला स्वतःबद्दल काही सांगता येत नाही म्हणून तर आपल्याला विचारतायत. तिला बोलता येत असतं, तर थोडं इकडंतिकडं केलेलं तिने दुरुस्त केलं असतं. आता कोण करणार?"

मला हे पटायला दोन दिवस लागले. जो स्वतःसाठी बोलू शकतो त्याच्याबद्दल आपण चुकीचं बोललो, तर तो हरकत घेतो. जो बोलू शकत नाही त्याच्याबद्दल बोलताना खरेपणाची सगळी जबाबदारी आपल्या एकट्यावर येते. लहान मूल, आजारी माणूस, मेलेला माणूस. आणि बोलता येत असूनही कधीच न बोलणारी माणसं. तेव्हा ही शेवटची ओळ मला सुचली नव्हती. ती पुढच्या रविवारी सुचली.

ठिपक्यांच्या प्रश्नाचं उत्तरही मग सापडलं. चादरीखाली हात लपवला, तरी ती तशी बसली होती. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, असा एक क्षण झाला होता. मी जोडलेला चेहरा कोणत्याच क्षणी नव्हता. पहिल्यात कोणी धरलं होतं हे झाकलं जातं. दुसऱ्यात कोणाला धरायची गरजच उरत नाही.

मी ती फाइल डिलीट केली.

---

रविवारी आम्ही पुन्हा निघालो, तर माझी आई चप्पल घालून तयार. "मी येतो की. मी धरतो तिला." कोल्हापुरात बायका 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. लग्नानंतर पहिल्या महिन्यात आई फोनवर "मी आलो होतो" म्हणाली, तेव्हा अनुजाला वाटलं होतं की फोन अण्णांनी घेतला.

स्टुडिओत काकांनी आईला स्टुलावर बसवलं आणि डोक्यावरून पांढरी चादर टाकली. जाईला चादरीवरूनच मांडीवर बसवलं. मला ते बघून हसू आलं. पांढऱ्या कापडाचा एक डोंगर आणि त्याच्या पुढ्यात माझी मुलगी. जाईलाही गंमत वाटली. तिने दोनदा चादर उचलून आत "भोऽक" केलं.

मग आई आतून काहीतरी बोलायला लागली. आम्हाला नीट ऐकू येत नव्हतं, जाईला येत होतं. ती थांबली. मान सरळ झाली, तोंड मिटलं, डोळे मोठे झाले. काकांनी नऊ फोटो काढले. नववा बरोबर आला. सातपैकी साडेसहा अटी, कारण डाव्या खांद्यापाशी आईच्या दोन बोटांची टोकं दिसत होती. काका म्हणाले, "क्रॉपमधे जात्यात ती."

नंतर आईला विचारलं, काय सांगत होतीस? म्हणाली, "काय न्हाई. चिऊकाऊची गोष्ट."

माझ्या मुलीच्या पासपोर्टवर जो कोरा, अधिकृत, मशीनला वाचता येणारा चेहरा आहे, तो गोष्ट ऐकणाऱ्या मुलीचा चेहरा आहे. पाठीमागून आवाज येतोय आणि चिमणी आता दार उघडणार की नाही, याकडे तिचं लक्ष आहे.

आईचं आणि माझं धरणं यांत काय फरक होता, याचा मी बराच विचार केला. मी धरलं नव्हतंच, पकडलं होतं. मराठीत या दोन शब्दांत नेमका तोच फरक आहे. पकडतो ते आपल्याला हवं तसं व्हावं म्हणून. धरतो ते पडू नये म्हणून. आधार हा शब्द ज्या धातूपासून आला, त्याच धातूपासून धर्म आला आहे. ज्याने धरून ठेवलं जातं तो धर्म, अशी त्याची जुनी फोड आहे. मी एरवी असल्या व्युत्पत्त्यांना फार भाव देत नाही. पण ३८ वा आणि नववा फोटो शेजारी ठेवल्यावर दिला.

---

घरी येऊन शोधलं, तेव्हा कळलं की आम्ही केलं ते दीडशे वर्षं जुनं तंत्र आहे. १९ व्या शतकात फोटो काढायला काही सेकंद लागत. तेवढा वेळ मोठ्या माणसांनाही स्थिर राहता येत नसे. त्यांच्या मानेमागे लोखंडी आधार लावत, आणि काही जुन्या फोटोंत बुटांच्या मागे त्या स्टँडचे पाय दिसतात. लहान मुलांना स्टँड कसा लावणार? म्हणून कोणीतरी त्यांना मांडीवर घ्यायचं आणि त्या माणसावर कापड टाकायचं, पडदा टाकायचा, खुर्चीचं सोंग करायचं. मग फोटोवर लंबगोल चौकट लावली की बाळ एकटं दिसायचं. लिंडा फ्रेग्नी नागलर या कलावतीने असे फोटो वर्षानुवर्षं जमवले. २०१३ मध्ये 'द हिडन मदर' नावाचं पुस्तक केलं आणि त्याच वर्षी व्हेनिसच्या बिएनालेत जवळपास हजार फोटो मांडले.

ते फोटो इंटरनेटवर बघा. आधी हसू येतं. मग भीती वाटते, कारण बाळाच्या मागे भूत बसल्यासारखं दिसतं. आणि नंतर एक गोष्ट लक्षात येते. कापडाखाली प्रत्येक वेळी आईच असेल असं नाही. दाई असेल, नोकर असेल, बाप असेल, स्टुडिओतला पोऱ्या असेल. ते कोण होतं हे आता कोणीच सांगू शकत नाही, कारण ते कळू नये म्हणूनच कापड टाकलं होतं.

इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी म्हणून ठेवलं आहे की एकटं बाळ अशी काही चीजच नसते. बाळ दाखवायला जाल, तर त्याला सांभाळणारं माणूसही दिसेल. पासपोर्ट ऑफिसला हे सांगून उपयोग नाही. त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि रास्तही आहे. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला जाई कोण हे हवं आहे, जाई कशी मोठी झाली ते नको आहे. साडेतीन सेंटिमीटरमध्ये सगळं मावत नाही. म्हणून त्या फोटोतून आईची बोटं कापली, यात काही चूक झाली असं मला वाटत नाही.

माझी अडचण अशी आहे की मी ती इतर ठिकाणीही कापत आलोय.

---

मी कळंब्यातल्या घरून काम करतो. सकाळी साडेनऊला स्टँडअप कॉल असतो. मागच्या खोलीत जाई असते, म्हणजे आईबरोबर असते. कॉल सुरू व्हायच्या आधी मी बॅकग्राउंड ब्लर करतो. आई जाईला कडेवर घेऊन मागून गेली, तर स्क्रीनवर एक अस्पष्ट ढग सरकतो आणि विरतो. जाई रडली तर मी म्यूट होतो. एकदा टीममधल्या एकाने विचारलं, लहान मूल घरात असताना तू एवढं काम कसं मॅनेज करतोस? मी म्हणालो, "होतं मॅनेज."

'होतं.' कर्ता नाही. कोण करतं, ते वाक्यातच नाही.

माझ्या रिझ्युमेत सगळी वाक्यं कर्तरी आहेत. हे बांधलं, ते वाढवलं, एवढा वेळ वाचवला. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मी अभिमानाने सांगितलं होतं, घरातला पहिला इंजिनिअर, स्वतःच्या पायावर उभा राहिलो. खरं होतं. त्या चार वर्षांत आईने बाहेरगावच्या ११ मुलांचे डबे केले, हेही खरं होतं. पहाटे पाचला गॅस पेटायचा. माझी परीक्षा असली तर भाजी आदल्या रात्री चिरून ठेवायची, सकाळी आवाज नको म्हणून. हे मुलाखतीत सांगण्यासारखं नव्हतं. पण मी ते स्वतःलाही कधी सांगितलं नाही, असं त्या रविवारी लक्षात आलं.

हे एकट्याचं नाही. आमच्या गावाला कॅमेऱ्याचं मोठं कौतुक आहे. बाबूराव पेंटरांनी इथे स्वदेशी कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला. आम्ही लहानपणापासून हे वाक्य असंच ऐकलं. पण कॅमेऱ्याचा ध्यास घेतला होता तो बाबूरावांनी आणि त्यांच्या नात्यातले भाऊ आनंदराव पेंटर यांनी मिळून. आनंदराव १९१६ मध्ये वारले. पुढे कॅमेरा पुरा झाला तेव्हा विष्णुपंत दामलेंचे हात त्यात होते. बाबूराव यामुळे लहान होत नाहीत. वाक्य लहान असतं आणि त्यात एकच कर्ता मावतो.

गंमत म्हणजे माझ्या धंद्यात हे चालत नाही. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक फाइल असते. त्यात आपण कोणाकोणाच्या कोडवर उभे आहोत, ते नावानिशी लिहावं लागतं. डिपेंडन्सी लिहिली नाही, तर प्रोग्राम चालतच नाही. मार्च २०१६ मध्ये एका माणसाने 'लेफ्ट-पॅड' नावाचा ११ ओळींचा कोड रागाने काढून घेतला. शब्दाच्या डाव्या बाजूला मोकळी जागा भरायची, एवढंच त्याचं काम होतं. जगभरातली हजारो प्रोजेक्ट्स बिल्ड होईनाशी झाली. अनेकांना आपण त्यावर उभे आहोत हे त्या दिवशी कळलं. पण एक फरक आहे. त्या माणसाने कोड काढून घेतला. आई कधी काढून घेत नाही. म्हणून बिल्ड फेल होत नाही आणि म्हणून कळत नाही.

---

एव्हा फेडर किटे नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञ आहेत. त्यांच्या मुलीला, सेशाला, जन्मापासून तीव्र बौद्धिक अपंगत्व आहे. १९९९ मध्ये आलेल्या 'लव्ह्ज लेबर' या पुस्तकात त्या न्यायाच्या मोठमोठ्या सिद्धांतांना एक साधा प्रश्न विचारतात. तुम्ही समाज म्हणजे धडधाकट, स्वतंत्र, बरोबरीच्या माणसांचा करार धरता. पण मग ज्यांना कोणीतरी उचलून घ्यावं लागतं ते कुठे आहेत? आणि उचलून घेणारे कुठे आहेत? त्यांचं म्हणणं, आपण सगळे समान आहोत, कारण आपल्यातला प्रत्येक जण कोणा ना कोणा आईचं मूल आहे. स्वतंत्र असणं हे समानतेचं कारण होऊ शकत नाही, कारण स्वतंत्र आपण मधली काही वर्षंच असतो.

मग सांभाळणाऱ्याचं ऋण फेडायचं कसं? बाळ आईला परत काय देणार? किटे यांचं उत्तर बाळंतपणातून येतं. बाळंतिणीची देखभाल करणाऱ्या बाईला इंग्रजीत 'डूला' म्हणतात. ती बाळाला सांभाळत नाही, बाळाला सांभाळणारीला सांभाळते. किटे म्हणतात की समाजाने असं असावं. हे वाचून मी थांबलो, कारण आपल्याकडे याला माहेरी बाळंतपण म्हणतात. जाई झाली तेव्हा अनुजाची आई पुण्याहून डिंकाचे लाडू घेऊन आली आणि सव्वा महिना राहिली. तिने जाईपेक्षा अनुजाला जास्त सांभाळलं. ही रीत आपल्याला सिद्धांत न वाचता येते.

पण ती सव्वा महिन्यात संपते. नंतर धरणाऱ्याला कोण धरतं, याचं उत्तर आपल्या रितीत नाही. निदान माझ्याकडे नाही. मी हे लिहितोय आणि आम्ही जर्मनीला जाणार आहोत. आईला विचारलं होतं. "माझं काय तिकडं? गुडघं न्हाईत थंडीला." सकाळी साडेनऊनंतर तिच्या हातात जाई नसेल. व्हिडिओ कॉल करू, पैसे पाठवू, वर्षातून एकदा येऊ. हे सगळं खरं आहे आणि हे पुरेसं नाही, हेही खरं आहे. कळलं म्हणून निर्णय बदलला असं झालेलं नाही. अनुजाने ही नोकरी कष्टाने मिळवली आहे आणि तिच्या आईने कधीकाळी जे सोडलं ते तिने सोडावं, असं मला वाटत नाही. एक हात कापू नये म्हणून दुसरा कापायचा, असा तो हिशोब होईल.

मी एवढंच केलं आहे. कॉलवर ब्लर लावत नाही. कोणी विचारलं तर सांगतो, आई आहे. रिझ्युमेत काही लिहिलेलं नाही, तिथे जागा नाही. पण इथे आहे.

---

काकांनी एका कागदावर आठ प्रती दिल्या. आणि मी मागितला म्हणून न कापलेला मूळ फोटोही मोठा करून दिला. चादरीचा डोंगर, दोन बोटं आणि मध्ये जाई. मला वाटलं होतं आईला तो आवडेल. फ्रेम करायचा विचार होता.

तिने तो हातात घेऊन बघितला आणि परत दिला. "ह्यो कशाला? मढं झाकल्यागत दिसतंय. पोरीचा दे."

मी पासपोर्टचा दिला. तो तिने चष्मा लावून बघितला. "हसत न्हाई की. आपली जाई न्हाई वाटत ही." तरी बटव्यात ठेवला, एसटीच्या सुट्ट्या पैशांशेजारी.

म्हणजे माझी सगळी बेरीज-वजाबाकी तिला नकोच होती. तिला आपली बोटं फोटोत नकोत, फोटोतली पोरगी हवी होती. आपलं नाव यावं असं तिने कधीच म्हटलं नव्हतं. ते यावं ही गरज माझी आहे. पण तिला नको म्हणून मी विसरायला मोकळा होतो का? मला नाही वाटत. तिचं न सांगणं ही तिची मर्जी. माझं न सांगणं मात्र खोटं बोलणं होतं.

आता पुन्हा फोटो काढायचा आहे. जर्मनीच्या व्हिसाला सहा महिन्यांच्या आतला फोटो लागतो, आणि पासपोर्ट येऊन अपॉइंटमेंट मिळेपर्यंत हा जुना होईल. मी आईला म्हणालो, परत यावं लागेल चादर घेऊन.

ती गवारी निवडत होती. जाई शेजारी बसून निवडलेल्या शेंगा परत न निवडलेल्यांत टाकत होती. आई वर न बघता म्हणाली, "बघू की. तंवर पोरगी आपली आपण बसंल."